कोयत्याची अदब

आमच्या उर्दू शाळेच्या परसबागेत खुरपी, दोन कुदळी आणि एक कोयता आहे. बागकामाच्या तासाला मी आधी अदब शिकवतो, मग माती. कोयता दुसऱ्याला देताना मूठ पुढे, धार खाली. मशिदीतून किंवा बाजारातून तीर नेताना टोके हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये, ही पैगंबरसाहेबांची शिकवण मुलांना ठाऊक असते. ती कुदळीलाही लागू आहे, हे बागेत कळते.

काम झाले की पाते धुऊन, पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. सैल दांडा पाण्यात भिजवला तर फुगून बसतो, पण वाळला की पुन्हा हलतो. पाचरच ठोकावी लागते. धनुर्वात गंजाने होतो, असे पालक समजतात. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. म्हणून 10 व्या आणि 16 व्या वर्षीची लस चुकवू नका, असे मी पालकसभेत सांगतो.

धार लावायला कोयता एसटीने नेताना मी तो गोणपाटात बांधतो. अब्बाही बांधत, कुणाला लागू नये म्हणून. माझ्या दाढीवरून पिशवीकडे वळणाऱ्या नजरा त्यांना ठाऊक नव्हत्या. आता कुणी घाबरू नये, म्हणूनही गाठ घट्ट मारतो.

मुलांना मात्र पहिलेच कारण सांगतो.