मैनेची चंदी

मैना आमच्याकडे आली ती वरातीच्या धंद्यातून मोकळी होऊन. रंग कुम्मैत, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. अशा पंचकल्याणी घोडीला लग्नसराईत मागणी फार. बँडच्या तालावर नाचायची, मांडवाच्या दारात उभी राहायची आणि प्रत्येक दारात तिच्या तोंडात गूळ नाहीतर पेढा पडायचा. पुढे तिचे पाय धरले, नाचेना, म्हणून मालकानं विकायला काढली. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला घरी आणलं.

बघायला येणारे तिच्या जाडजूड, कमानदार मानेवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "काय खाल्ल्यापिल्ल्या घरची घोडी हाय!" डॉक्टरांनी मात्र तीच मान दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. आयाळीखाली चरबीची टणक कड साचली होती. खुराच्या वरच्या बाजूला, मागून बोट लावलं तर नाडी जोरजोरात उडत होती. मैना पुढचे दोन्ही पाय पुढं टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी राहायची आणि वळताना ओठ आवळायची. डॉक्टर म्हणाले, "दुखणं खुरात आहे आण्णा, पण कारण तोबऱ्यात आहे."

या दुखण्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असतं आणि ते खुराच्या भिंतीला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. दोन वह्यांची पानं एकमेकांत अडकवावीत तशी ती पकड. पापुद्रे सुजले की पकड ढिली पडते आणि जनावराच्या वजनानं हाड खाली सरकू लागतं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट तट्टांच्या रक्तातलं इन्सुलिन बराच काळ चढं ठेवलं आणि केवळ तेवढ्यानं त्यांना लॅमिनायटिस झाला. गोड किंवा पिठूळ खाणं, त्यामागून चढणारं इन्सुलिन आणि शेवटी खूर, असा तो रस्ता आहे. धान्य एकदम जास्त पडलं तर दुसराही रस्ता आहे: लहान आतड्यात न पचलेलं पीठ पुढं मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्याचाही तडाखा पायांनाच बसतो.

नालबंदानं तिच्या नाला काढल्या, पुढं वाढलेली खुरं कानशीनं मागं घेतली आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिला बिननालीच ठेवायचं ठरलं. गोठ्यात वाळूची जाड गादी केली. बिननाली घोड्याचं एक आहे, त्याचे पाय काहीही लपवत नाहीत. खाण्यात चूक झाली की मुरमाच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी चाल सांगते.

चंदी बदलायची म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगणं सोपं नव्हतं. भीमा-नीरेचा हा मुलूख भीमथडीच्या तट्टांचा. मराठ्यांच्या फौजा याच काटक जनावरांवर दूरदूर गेल्या. कोरड्या माळावरचं गवत खाऊन दिवसभर चालणारं हे रक्त. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, त्यामागून ऊस आला, कारखाने आले, आणि माणसांचं भलं झालं. पण थोडक्यात भागवायला शिकलेलं शरीर एका पिढीत बदलत नाही. जे अंग दुष्काळात घोड्याला तगवतं, तेच अंग सुबत्तेत प्रत्येक घास चरबी करून ठेवतं. मैना उसाच्या मुलखात राहत होती, पण तिचं पोट माळाचंच होतं.

आण्णांनी एकेक जिन्नस पारखायला घेतला. डॉक्टरांचं माप सरळ होतं: साखर आणि स्टार्च मिळून चाऱ्याच्या कोरड्या वजनाच्या १० ते १२ टक्क्यांच्या आत. गूळ तर जवळजवळ साखरच, तो पहिल्यांदा गेला. भिजवलेले हरभरे म्हणजे घोड्याची परंपरेची चंदी, पण त्यात स्टार्च ४० टक्क्यांच्या आसपास. मजल मारणाऱ्या घोड्याला ते ठीक, दावणीला उभ्या असलेल्या आजारी घोडीला नाही. ओट, जव आणि मका याच कारणानं बाद. गव्हाचा कोंडा हलका म्हणून लोक सुचवत, पण त्यातही स्टार्च असतो आणि कॅल्शियमच्या मानानं फॉस्फरस फार. उसाचं वाढं शेजारीपाजारी फुकट मिळे, तरी ते नको. शाळूचा कडबा बैलांना आवडतो तो त्याच्या गोडीमुळंच, म्हणून तोही नको. गाईंच्या गोळीपेंडीत मळी असते, आणि गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला विष आहे. ती पोती गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला कुलपात गेली.

उरलं काय? माळावरचं गवत. पवन्या, मारवेल, आणि कुसळं धरायच्या आत कापलेली कुसळी. उष्ण प्रदेशातली ही गवतं थंड हवेच्या गवतांच्या मानानं सहसा कमी गोड असतात. पक्व झाल्यावर कापून वाळवली की त्यांत चोथा जास्त आणि साखर कमी. मैनेचं वजन ३०० किलोच्या आसपास. वजनाच्या दीड टक्का, म्हणजे साडेचार किलो वाळलेलं गवत तिला दिवसाकाठी लागेच. उपाशी ठेवून तिला बारीक करायचं नव्हतं. घोड्याचं पोट लहान, चघळण्यावर चालणारं. ते रिकामं राहिलं तर दुसरीच दुखणी उभी राहतात. म्हणून गवत थोडंथोडं, बारीक विणीच्या जाळीत भरून दिवसरात्र टांगलेलं असे.

जाळीत भरण्याआधी गवत घमेल्यात तासभर थंड पाण्यात बुडवायचं काम माझ्याकडं होतं. पाणी हळूहळू चहासारखं पिवळट होई, बोटांना किंचित चिकट लागे. ती गवतातून निघालेली साखर. ते पाणी मैनेच्या तोंडाला लागू न देता नारळाच्या बुंध्याशी ओतायचं. उन्हाळ्यात वेळ सांभाळावी लागे, गवत जास्त भिजलं तर आंबूस वास येतो.

तोबरा मात्र बंद केला नाही. चंदीच्या वेळी ती खिंकाळायची, तिला तोबरा हवाच असे. भिजवलेली गवताची कुट्टी, मूठभर वाळलेला लसूणघास, शिजवलेलं जवस, खनिज मिश्रण आणि चिमूटभर जाडं मीठ, एवढंच त्यात. पहिल्यांदा तिनं तोंड घालून ते बाहेर फेकलं. मग जवसाचा वास आवडला असावा. तळ चाटून पुसून काढू लागली. बरी झाल्यावर तिला तास-दोन तास मोकळं सोडायचो ते भल्या पहाटे. गवतात दिवसभर उन्हानं साखर साठते, रात्री ती खर्च होते आणि पहाटे सगळ्यात कमी असते.

सगळ्यात कठीण होतं लोकांच्या मायेला नाही म्हणणं. शेजारच्या काकू पदराखाली गुळाचा खडा घेऊन यायच्या. "आरं, एवढुश्या गुळानं काय हुतंय?" आण्णा हात जोडायचे, "वहिनी, गूळ नको. मानेच्या बुडाशी खाजवा तिला, बघा कशी लाडात येते." काकूंनी खाजवलं. मैनेनं मान लांब केली, वरचा ओठ पुढं काढून थरथरवला. त्यानंतर काकू रिकाम्या हातानं येऊ लागल्या आणि जास्त वेळ थांबू लागल्या.

खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतं. त्यामुळं चंदीचा निकाल डोळ्यांनी दिसतो. केसांच्या कडेखालून नवी भिंत सरळ, घट्ट उतरू लागली. खाली जुनं पसरलेलं, वेडंवाकडं वळ्यांचं खूर. आणि दोघांच्या मधे एक ठळक आडवी रेघ. नालबंद प्रत्येक वेळी त्या रेघेवर अंगठा ठेवून दाखवायचा. ती खाली सरकत गेली आणि जवळपास वर्षानं कानशीखाली संपली. त्या पावसाळ्यानंतर मैना मुरमाच्या वाटेवरून अनवाणी दुडकी चालली.

पुढं ती बरीच वर्षं जगली. म्हातारपणी दात झिजले तेव्हा तेच गवत बारीक कुटून, भिजवून दिलं. गेली ती वयानं. तिच्या पायांनी तिला अखेरपर्यंत पेललं.

घोडी पाळायचा शौक आता आमच्या भागात पुन्हा वाढतो आहे, आणि त्याचा मला आनंद आहे. घोडा आणणाऱ्याला मी एकच विचारतो: तुझ्याकडे गवत कुठलं आहे? पैशानं ओट मिळेल, हरभरा मिळेल, परदेशी खाद्याचं पोतंही मिळेल. पण पवन्या-मारवेलचा माळ एकदा नांगरला, त्यावर प्लॉट पडले, की तो मिळत नाही. गावोगावची गायरानं पडीक जमीन म्हणून मोजली जातात, हे मला सहन होत नाही. भीमथडीचं जनावर राखायचं असेल तर त्याच्या वाट्याचं गवत आधी राखलं पाहिजे.