‘ब्रॉडकास्ट’ : शेतातला अर्थ आणि स्टुडिओतला अर्थ



वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांची चर्चा करताना आपण ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ हे परंपरेने चालत आलेले उदाहरण पाहिले. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून ‘गंगा’ या शब्दाचा अर्थ ‘गंगेचा काठ’ असा घ्यावा लागतो. उदाहरण निर्दोष आहे. मात्र ते इतके घोटलेले आहे की त्यातून लक्षणा कशी घडते हे जाणवेनासे होते. म्हणून या ठिकाणी मी एक इंग्रजी शब्द घेते. मराठीच्या अभ्यासक्रमात इंग्रजी शब्द कशासाठी, अशी शंका तुमच्या मनात येईल. परक्या शब्दाकडे आपण थांबून पाहतो, आपल्या शब्दाकडे क्वचितच पाहतो, एवढेच त्याचे कारण.

‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द तुमच्या रोजच्या वापरातला आहे. क्रिकेटचा सामना ‘ब्रॉडकास्ट’ होतो, मोबाइलवर एकच निरोप अनेकांना पाठवण्यासाठी ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’ असते. शब्द फोडून पाहिला तर ‘ब्रॉड’ म्हणजे रुंद, विस्तृत आणि ‘कास्ट’ म्हणजे फेकणे. काय फेकणे? बियाणे. अठराव्या शतकातील इंग्रजी शेतीविषयक लिखाणात हा शब्द मुठीने बी दूरवर विखरून पेरण्याच्या रीतीसाठी येतो. ओळीने पेरणी ही त्याच्या विरुद्ध रीत. जेथ्रो टल या इंग्रज शेतकऱ्याने 1701 च्या सुमारास ओळीत बी टाकणारे यंत्र तयार केले आणि 1731 च्या आपल्या ग्रंथात त्या रीतीचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे बातमी, विचार, अफवा यांच्या ‘विखुरण्या’साठीही हाच शब्द वापरला जाऊ लागला. विसाव्या शतकात बिनतारी लहरींवरून एकाच वेळी असंख्यांना ऐकू जाईल असे बोलणे शक्य झाले, तेव्हा या नव्या क्रियेला शेतातलाच शब्द मिळाला. 1922 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या नावात तो आला, 1927 च्या जुलैत मुंबईत सुरू झालेल्या नभोवाणी केंद्राच्या कंपनीच्या नावातही आला. लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसच्या प्रवेशदालनात एरिक गिल या शिल्पकाराने घडवलेली पेरणी करणाऱ्या माणसाची मूर्ती आहे. त्या दालनातून आत जाणारे त्या मूर्तीवरूनच जातात. त्यांपैकी किती जणांनी कधी हाताने बी टाकले असेल?

कोकणातील एका अभ्यासकेंद्रावरील संपर्क सत्रात मी या शब्दाचा मूळ अर्थ विचारला होता. वर्ग गप्प राहिला. मी फोड करून सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या, घरची भातशेती पाहणाऱ्या एक विद्यार्थिनी म्हणाल्या, “म्हणजे राबात बी फोकतो, तसंच का मॅडम?” तसेच. पूर्व विदर्भातील धान पिकवणारे कदाचित ‘आवत्या’ हा शब्द सांगतील. युरिया फोकणारे तर सगळीकडेच भेटतील. त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. “पण फोकलेलं सारखं उगवत नाही. कुठं दाट, कुठं विरळ. बीसुद्धा जास्त लागतं.”

माझ्या टिपणात ‘विस्तृत क्षेत्रावर’ एवढेच होते. बाईंच्या वाक्यात लक्षणेचे मर्म होते. मुख्यार्थाकडून लक्ष्यार्थाकडे जाताना एखादा संबंध पूल म्हणून लागतो, हे तुम्ही वाचले आहे. इथे तो संबंध केवळ पसरण्याचा नाही. फेकणाऱ्याला दाणा नेमका कुठे पडेल हे ठाऊक नसते, आणि पडलेला प्रत्येक दाणा रुजत नाही, हेही त्यात येते. नभोवाणीच्या बाबतीत हे तंतोतंत खरे होते. 1956 साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. त्यात गावकऱ्यांनी गटाने कार्यक्रम ऐकायचा आणि लगेच त्यावर आपसांत चर्चा करायची, अशी योजना होती. फोकण्याऐवजी चाड्यावर मूठ धरण्याचाच तो प्रकार म्हणता येईल. तुमच्या हाती असलेली ही पुस्तिका मात्र, स्पष्ट सांगायचे तर, फोकलेलीच आहे. ती रात्रपाळीवरून आल्यावर उघडली जाते की मुले झोपल्यावर, हे लिहिताना मला दिसत नाही.

आता एक अवघड प्रश्न. आज ‘ब्रॉडकास्ट’चा वाच्यार्थ कोणता मानायचा? आपल्या साहित्यशास्त्रात हा वाद जुना आहे. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे गवत नीट तोडून आणणारा. ‘निपुण’ हा त्याचा अर्थ रूढीने आलेली लक्षणा होय, असे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त मांडले. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाला हे मान्य नाही. शब्दाची व्युत्पत्ती एक आणि वापरातील अर्थ दुसरा. लोक ‘कुशल’ ऐकून निपुणच समजतात, तर तोच मुख्यार्थ, असे त्याचे म्हणणे. भाषावैज्ञानिक म्हणून माझा कल विश्वनाथाकडे आहे. वृत्तनिवेदकासाठी ‘ब्रॉडकास्ट’मध्ये आज कोणतीही लक्षणा उरलेली नाही. पण त्या विद्यार्थिनीसाठी, तो अर्थ कळल्या क्षणापासून, ती पुन्हा जिवंत झाली. एकच शब्द एकासाठी रूढ आणि दुसऱ्यासाठी ताजा असू शकतो, ही गोष्ट दोन्ही आचार्यांच्या वादात थोडी बाजूला राहते, असे मला वाटते.

मराठीने या क्रियेला काय नाव दिले तेही पाहा. ‘बातम्या फोकल्या’ असे कोणी म्हणणार नाही, ‘प्रक्षेपण’ म्हणतो. त्यातील ‘क्षिप्’ धातूचा अर्थ फेकणे असाच आहे. संतांच्या गाथांचा अभ्यास करताना तुम्हाला ‘प्रक्षिप्त’ अभंग भेटतील, म्हणजे मागाहून कोणीतरी आत टाकलेले. धातू तोच, हात मात्र निराळा. ‘आकाशवाणी’ची कल्पना आणखी वेगळी: तिथे बोलणारा दिसत नाही आणि त्याला उत्तरही देता येत नाही.

तुमच्या गावी बी विखरून टाकण्याला जो शब्द असेल, तो स्वाध्यायाच्या वहीत नोंदवा आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून त्याचा दुसरा काही वापर मिळतो का ते विचारा. पुढच्या संपर्क सत्रात तो शब्द मला हवा आहे.