आधी लाईट बिल माग

इचलकरंजी,
रविवार, रात्री

चि. बाळू,


ज्या बिटकॉइन मायनिंग कंपनीत पैसे गुंतवायचं तू म्हणतोस, तिची तू पाठवलेली माहितीपत्रकं दोनदा वाचली, व्हिडिओही बघितला. लांबलचक शेड, रांगेनं मांडलेली मशीनं, पंख्यांची घरघर. बघता बघता मला बँकेतली एक तपासणी आठवली. मी तेव्हा कर्ज विभागात नवीन होते. ज्या यंत्रमागांवर कर्ज दिलं होतं त्या शेडमध्ये गेलो, तर सगळं झकास. मागांना तेल घातलेलं, बीम चढवलेले. मालकानं दोन माग चालवूनही दाखवले. आमच्या साहेबांनी चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "मागच्या सहा महिन्यांची लाईट बिलं काढा." बिलं आली. सहाही महिने युनिट एखाद्या घराला लागतील तेवढेच. शेडमध्ये कापडाची ठाणं रचली होती, ती दुसऱ्याकडून आणलेली निघाली. त्या दिवसापासून मी कुठल्याही कारखान्यात गेले की आधी मीटर शोधायचे.

बिटकॉइनचं मायनिंग तर मागाहूनही जास्त विजेवर चालतं. तिथे सूत नाही, रंग नाही. मशीन आणि वीज, बास. अँटमायनर एस २१ हे मशीन घे. साधारण ३,५०० वॅट खातं, म्हणजे दिवसाला ८४ युनिट. शंभर मशीनं आहेत म्हणणाऱ्याच्या मीटरवर महिन्याला अडीच लाख युनिट दिसायलाच हवेत. म्हणून त्यांना आधी लाईट बिल माग. कुणाच्या नावावर आहे, युनिटचा दर काय, गेल्या वर्षभरात खप किती, हे बघ. शेड भाड्याची असेल तर जागामालकाशी झालेला होस्टिंगचा, म्हणजे मशीनं तिथे ठेवून चालवण्याचा, करार माग. बिल दाखवायला "गोपनीय" म्हणून नकार आला, तर पुढचं बोलणंच थांबव.

आता पत्रकातलं त्यांचं ते वचन, "दरमहा ८ टक्के, हमखास". बाळू, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. जगात किती मशीनं चालू आहेत यावर प्रत्येकाचा वाटा ठरतो. मशीनं वाढली तरी नाणी वाढत नाहीत, कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर काम अवघड-सोपं करून साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक हीच गती राखली जाते. शिवाय दर चार वर्षांच्या सुमारास ब्लॉकमागे नव्या नाण्यांचं मिळणारं बक्षीस निम्मं होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइन आहे, म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला ४५० च्या आसपास नवी नाणी. एस २१ सारखी निदान तीस लाख मशीनं चालतात असं धरलं, तरी एका मशीनला रोजचे ०.०००१५ बिटकॉइन येतात, आणि त्यातून ८४ युनिटांचं बिल भरायचं. विकून नफा झालाच तर आपल्याकडे ३० टक्के कर, आणि विजेचा खर्च त्यातून वजा मिळत नाही. ज्या धंद्यात नव्या मशीनगणिक तुझा वाटा लहान होतो, तिथे ठरलेला हप्ता कुणी कुठून देईल? नव्या माणसाच्या पैशातून, दुसरं काय.

गेनबिटकॉइनचं प्रकरण पुण्या-नांदेडपर्यंत पोचलेलं, तुला आठवत असेल. दरमहा १० टक्के, १८ महिने, तेही बिटकॉइनमध्येच, असं ते वचन होतं. जुलै २०१६ मध्ये बक्षीस २५ वरून १२.५ वर आलं, पण वचन तसंच राहिलं. पुढे बिटकॉइन देणं थांबलं आणि लोकांच्या हाती एमकॅप नावाचं घरचंच नाणं आलं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी ती योजना चालवणाऱ्या अमित भारद्वाजला अटक केली. २०२२ च्या जानेवारीत तो वारला आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्यांचा जीबीमायनर्स नावाचा मायनिंग पूल, म्हणजे अनेकांच्या मशीनांची ताकद एकत्र करून कमाई वाटणारी व्यवस्था, खरोखरच होता. म्हणजे थोडी मशीनं खरी असू शकतात, दोन माग चालू असू शकतात. तेवढ्यावरून लोकांकडून घेतलेले पैसे मशीनांत गेले असं होत नाही.

तुझ्या मोबाईलवर रोज वाढणारा तो आकडाही पुरावा नाही. एस्टोनियातल्या हॅशफ्लेअरनं असेच आकडे दाखवून २०१५ ते २०१९ मध्ये जगभरातून पन्नास कोटी डॉलरहून जास्त गोळा केले. विकली तेवढी मायनिंगची ताकद त्यांच्याकडे नव्हती, पडद्यावरचे आकडे खोटे होते. दोघा संस्थापकांनी २०२५ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. म्हणून त्यांना सांग, मशीन माझ्या नावाच्या पावतीवर, सीरियल नंबरासकट द्या, आणि ते माझ्या स्वतःच्या पूल खात्याला जोडा. मग कमाई त्यांच्या हातून न येता थेट तुझ्या वॉलेटमध्ये पडेल. होस्टिंग करणारे प्रामाणिक लोक हे सहज करतात.

आणि प्रामाणिक असले तरी बुडतात, हेही मनात धर. कोअर सायंटिफिक ही अमेरिकेतली नोंदणीकृत मोठी कंपनी. मशीनं खरी, हिशेब सगळ्यांपुढे उघडे. तरी भाव पडले, वीज महागली, कर्ज डोईजड झालं आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पण तिचं दुखणं तिच्याच कागदांत महिने आधी वाचता येत होतं. तुझ्या या कंपनीचा ताळेबंद मी पत्रकांत शोधला. सापडला नाही. संचालकांचे फोटो आहेत, ऑडिटरचं नाव नाही.

जे पैसे तू तिथे गुंतवायचं म्हणतोस, त्या ताईच्या एफडीची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे ना? ती महिनाभरासाठी पुन्हा ठेव, पैसे काढू नकोस. तेवढ्यात त्यांना मेल टाकून बिलं, करार आणि ताळेबंद माग. जे येईल ते घेऊन इकडे ये, आपण दोघं टेबलावर पसरून बसू. काहीच आलं नाही, तरीही ये. ताईला मी फोन करून सांगते की पैसे अजून बँकेतच आहेत.

तुझी,
मावशी