तलफ आणि तार

कपाटाच्या खालच्या खणात माझं व्हेपिंगचं जुनं सामान बुटांच्या एका खोक्यात ठेवलेलं आहे. हातात घेतला की मनगटाला वजन कळावं असा धातूचा चौकोनी मॉड (म्हणजे बॅटरी घालायचं यंत्र), काचेच्या टाक्या, कँथल तारेचं रीळ, कापसाच्या घड्या, सिरॅमिकच्या टोकांचा चिमटा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर. आणि प्लास्टिकच्या डबीत '१८६५०' जातीच्या दोन बॅटऱ्या. हा आकडा मापाचा आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. एकीचं जांभळं वेष्टण वरच्या कडेला फाटलंय आणि आतला धातू दिसतोय. ती आता वापरायची नाही. या बॅटरीचं अख्खं अंग म्हणजे ऋण ध्रुव, आणि धन टोक वरच्या कडेपासून अगदी जवळ. दोघांच्या मधे एक चकती आणि हे पातळ वेष्टण, बस. सुट्या नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर अशी बॅटरी खिशात टाकली तर मांडी भाजते.

सिगारेट सोडताना या सामानाने मला हात दिला होता. पुढे हेही सुटलं आणि खोकं बरीच वर्षं बंद राहिलं. ते उघडायला लावलं रात्रपाळीने.

मी विद्युत अभियंता. इंग्लंडात रेल्वेच्या दुरुस्तीची बरीच कामं रात्री चालतात. शेवटची गाडी गेली, वीज तोडल्याची खात्री झाली, की रूळ आमच्या ताब्यात येतो आणि पहाटेच्या पहिल्या गाडीआधी तो परत द्यावा लागतो. थंडीच्या दिवसांत तीनच्या सुमाराला जी सुट्टी होते, तिच्यात चहाचा कप असतो आणि शेजाऱ्याने पुढे केलेलं पाकीट असतं. तलफ किती वर्षं गप्प बसेल हे सांगता येत नाही, पण जागा सोडून ती गेलेली नसते. पाकीट दुसऱ्याच्या खिशातून माझ्या खिशात आलं, तेव्हा मी ठरवलं की ओढायचंच असेल तर धूर नको, वाफ चालेल.

या दोन गोष्टींत किती फरक आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंशांच्या आसपास तापतं. तिथे तंबाखू जळते आणि जळण्यातूनच डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. व्हेपमध्ये काहीच जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण, त्यात निकोटिन आणि थोडा स्वाद, एवढं तारेवर तापून हवेत जातं. हे निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. निकोटिनची सवय तीच राहते, आणि तीस-चाळीस वर्षं ही वाफ घेतली तर काय होतं हे कळायला तेवढी वर्षं जावी लागतील. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने व्हेपच्या दुकानाची पायरीही चढू नये. पण जो ओढतोच आहे, त्याच्यासाठी तुलना शुद्ध हवेशी करायची नसते, हातातल्या सिगारेटशी करायची असते.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या पीटर हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. सिगारेट सोडू पाहणारी ८८६ माणसं. काहींना निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगम वगैरे दिलं, काहींना ई-सिगारेट. सोबत सगळ्यांना सल्ला आणि आधार. वर्षभराने पहिल्या गटातले ९.९ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले १८ टक्के. हे आकडे लोक सांगतात. त्याच अभ्यासातला पुढचा आकडा कमी सांगितला जातो: ई-सिगारेटने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षाअखेरही ई-सिगारेट ओढतच होते, तर पहिल्या गटात सुटलेल्यांपैकी पट्टी-च्युइंगमवर राहिले होते ते ९ टक्के. दुकानात शिरताना मी हा दुसरा आकडा मनाशी घट्ट धरला होता. यंत्र निवडायचं ते उद्या हातातून खाली ठेवता येईल असं.

हे लिहायला सोपं आहे. माझ्यासारख्याला ते अवघड का, हे त्या खोक्यात आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी या छंदाने आम्हाला वेड लावलं होतं. तीन मिलिमीटर जाडीच्या सळीवर कँथलची तार गुंडाळायची, वेढे एकमेकांना चिकटून आले पाहिजेत. दोन्ही टोकं पितळी खांबांच्या भोकांत घालून स्क्रू आवळायचे. मग बटण हळूच दाबायचं आणि बघायचं. तार मधोमध लाल व्हायला लागते आणि लाली दोन्ही बाजूंना सारखी पसरत जाते. एखादा वेढा आधीच पेटला तर चिमट्याने अलगद दाबायचा, पुन्हा बटण, पुन्हा चिमटा. सगळे वेढे एकसारखे उजळले की मन निवतं. त्यानंतर कापसाची पट्टी टोकाला पीळ देऊन आत सरकवायची. ती सैल राहिली तर द्रव गळतो, घट्ट बसली तर द्रव पोचत नाही. समईच्या वातीचं जे गणित, तेच इथे. फक्त तेलाच्या जागी द्रव आणि ज्योतीच्या जागी तार.

शिवाय ओहमचा नियम. कॉलेजात फळ्यावर पाठ केलेला नियम इथे बोटांना जाणवायचा. बॅटरीचा दाब ३.७ व्होल्ट आणि तारेचा रोध १ ओहम, तर जेमतेम १४ वॅट. रोध ०.२ ओहमवर आणला की तोच दाब ६८ वॅट देतो, पण बॅटरीतून साडेअठरा अँपिअर ओढतो. सगळ्या बॅटऱ्यांना ते झेपत नाही. हे हिशेब न करता तारा गुंडाळणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्यांची भीती वाटायची. पण हिशेब करून केलेल्या त्या कामात खरा आनंद होता, हे मी आजही सांगेन. मी द्रवातलं निकोटिन मिलिलिटरला १२ मिलिग्रॅमवरून ६ वर, ६ वरून ३ वर आणि शेवटी शून्यावर नेलं. निकोटिन संपलं तरी तार गुंडाळणं चालूच राहिलं. सवय निकोटिनची होती तशी हाताच्या कामाचीही झाली होती.

आता हाउन्स्लोच्या बाजारपेठेतल्या दुकानात शिरलो तर माझ्या ओळखीचं जवळजवळ काही उरलं नव्हतं. युरोपीय नियम २०१६ साली लागू झाले आणि वर्षभरात सगळं बदललं: टाकी २ मिलिलिटरहून मोठी नको, निकोटिनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटरहून मोठी नको, तीव्रता मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तरी हे नियम राहिले. मग वापरा आणि फेकाची लाट आली. २०२३ मध्ये या देशात आठवड्याला सुमारे ५० लाख एकदाच वापरायच्या व्हेप टाकल्या जात होत्या. प्रत्येकीत एक लिथियम बॅटरी. पुन्हा पुन्हा चार्ज होऊ शकणारी चांगली बॅटरी एकदा वापरून कचऱ्यात जाते, हे पाहून माझ्या पेशातल्या माणसाचा जीव तुटतो. १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली ते उत्तम झालं. तरी तीच झगमगीत रंगांची रूपं आता चार्जिंगचं भोक आणि बदलायची कुपी लावून कपाटात परतली आहेत. काहींना छोटा पडदा आहे, त्यावर चित्रं हलतात. अठराच्या आतल्या मुलांना हे विकणं इंग्लंडात २०१५ पासून गुन्हा आहे. मग ही हलती चित्रं कोणासाठी, हे बनवणाऱ्यांनी एका बापासमोर उभं राहून सांगावं.

काउंटरवरचा मुलगा पंजाबी, विशीतला. मी जुन्या सवयीने काचेतल्या मोठ्या मॉडकडे बोट केलं. दोन बॅटऱ्या, २०० वॅट, सुंदर गोलाई. त्याने तो काढून दिला नाही. आधी विचारलं, "अंकल, दिवसाला किती सिगारेट होतात?"

योग्य प्रश्न हाच होता. वॅट, ओहम, रंग, स्वाद हे सगळं त्याच्यानंतर. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "मग हे नको. हे ढगांसाठी. तुम्हाला छोटं हवं, आणि स्ट्राँग हवं." त्याने समोर ठेवला एक पॉड: बोटभर लांबीचा, एकही बटण नसलेला, ओढलं की आपोआप सुरू होणारा. आतली कॉइल ०.८ ओहमची, तारेच्या वेढ्यांऐवजी जाळीदार पत्र्याची. जाळीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून कापूस सगळीकडून सारखा तापतो. मी चिमट्याने वेढ्यांत जे साधायचो ते कारखान्याने त्या एवढ्याशा पत्र्यात आयतं साधलंय.

द्रवही बदललाय. आमच्या वेळचं निकोटिन तीव्र झालं की घशाला टोचायचं. आता बेंझॉइक आम्ल घालून त्याचा क्षार करतात, त्यामुळे २० मिलिग्रॅमही घसा सहन करतो आणि तलफ लवकर शमते. याच गुणामुळे कोवळ्या मुलांना ते चटकन धरतं, हेही खरं. मोठ्या यंत्रात मात्र हा द्रव घालायचा नाही. तिथे एका दमात इतकी वाफ येते की डोकं गरगरेल. छोट्या पॉडमध्ये सिगारेटसारखा आधी तोंडात, मग छातीत, असा बारीक दम घेतला जातो आणि तिथेच ही तीव्रता शोभते. परतणारे बरेचजण 'कमी बरं' म्हणून ३ मिलिग्रॅम घेतात, दिवसभर यंत्र तोंडातून काढत नाहीत आणि संध्याकाळी सिगारेट पेटवतात. सुरुवातीला पुरेसं घ्यावं आणि मग उतरावं. मला हेच पटतं.

घरी आल्यावर रबरी बूच उघडून बाटलीचं टोक आत घातलं. द्रव काचेसारख्या कुपीत भरत गेला, कापसातून बारीक बुडबुडे वर आले. इथे धीर लागतो. भरल्या भरल्या ओढायचं नाही, दहाएक मिनिटं थांबायचं. कापूस कोरडा राहिला तर तो करपतो, आणि जास्त तापलेल्या ग्लिसरीनपासून ॲक्रोलिन नावाचा झोंबणारा पदार्थ बनतो. ती करपट चव ज्याने एकदा घेतली तो पुढच्या वेळी घड्याळ बघतो. मी पुदिन्याचा स्वाद घेतला होता. आंबा होता, टरबूज होतं, चक्क कुल्फी होती. या गोष्टीला कुल्फीची गोडी चढावी हे मला नको होतं.

पॉडला मन गुंतावं असं काही नाही. उघडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, कॉइल संपली की कुपी बदलायची. हाताला काम नाही. पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग यायचा, चिमटा आणि रीळ आठवायचं. हळूहळू कळलं की हा त्याचा दोष नसून त्याला घेण्याचं कारणच हे आहे. रात्रपाळीतल्या सुट्टीत चार दम घेतो, खिशात टाकतो आणि कामाला लागतो. त्याचा विचार करत बसावं असं त्यात काही नाही. आता तीव्रता २० वरून १० वर आणली आहे. फाटक्या वेष्टणाच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती सुपरमार्केटातल्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकली.

पुण्याला माझा धाकटा भाऊ आहे, सिगारेट ओढणारा. मी फोनवर हे सांगितलं तर लगेच म्हणाला, "दादा, येताना माझ्यासाठी एक घेऊन ये ना." मी नाही म्हटलं, आणि माझाही सोबत आणणार नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. आयात किंवा विक्री केली तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विडी-सिगारेट टपरीटपरीवर मिळते आणि हे नाही, याचं मला वाईट वाटतं. शाळेच्या दारापर्यंत पोचलेल्या इथल्या रंगीत कांड्या पाहिल्या की बंदीमागची भीतीही समजते. कायदा आहे तोवर पाळायचा, एवढंच त्याला सांगितलं.

तिथे त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि तुमच्या घरात कोणी ओढत असेल तर त्यांच्यासाठीही. २ मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. सिगारेटच्या पाकिटावर, त्या भयंकर चित्राजवळ, १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. तंबाखू सोडायला मदत करणारी ती सरकारी सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आज तो लावा.