तेरा गुणांचा हिशेब

निवृत्तीनंतर आम्ही पुन्हा बुद्धिबळाच्या पटाकडे वळलो. इंदूरच्या एका स्पर्धेत समोर दहा वर्षांचा मुलगा आला. त्याचे मानांकन १४८०, आमचे १५८०. त्यातली आमची खरी कमाई १३००! मार्च २०२४ मध्ये जागतिक महासंघाने २०००च्या खालच्या खेळाडूंना, २००० पर्यंत जेवढे अंतर उरले होते त्याच्या चाळीस टक्के गुण एकदाच वाढवून दिले. प्यादेही न हलवता आम्ही २८० गुणांनी थोर झालो. (वेतन आयोगही आमच्यावर इतका प्रसन्न झाला नव्हता.)

ही पद्धत आर्पाड एलो या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांची. महासंघाने ती १९७० साली स्वीकारली. शंभर गुणांची आघाडी असेल, तर डावामागे सरासरी ०.६४ गुण अपेक्षित. आम्ही हरलो. आमचा गुणक २०, म्हणून १२.८ गुण गेले. मुलगा अठराच्या आतला, त्याचा गुणक ४०, त्याने २५.६ कमावले.

सेवेत असताना एका वरिष्ठांनी आमच्या गोपनीय अहवालात ‘सामान्य’ असा शेरा मारला होता. बढती तीन वर्षे लांबली. कारण विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. येथे निदान वजाबाकी स्वतः ताडून पाहता येते. ती आम्ही रात्री दोनदा केली. बरोबर होती, आणि झोप मात्र आली नाही.

डाव संपल्यावर मुलाने विचारले होते, “आजोबा, तो उंट का नाही मारलात?”

आम्हांला तो दिसलाच नव्हता. त्यानेच मोहरे पुन्हा मांडले.