गुसल कोण देणार?

आमच्या वर्धा जिल्ह्यातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. हिंगणघाटसारख्या ठिकाणी आमच्या मोहल्ल्यांत ट्रक ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री यांची घरे आहेत. पुरुष पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतात. एचआयव्ही बरेचदा याच वाटेने घरात येतो आणि कधी घराबाहेर न पडलेल्या बाईला गाठतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक ड्रायव्हर वारला. आजाराचे नाव मोहल्ल्यात कळले आणि गुसल द्यायला नेहमीची माणसे पुढे येईनात. शेवटी मरहूमचा भाऊ आणि उर्दू शाळेतले आम्ही दोघे शिक्षक हातमोजे घालून उभे राहिलो. मय्यतीला गुसल देणे फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी दिले तर सर्वांची जबाबदारी उतरते, कोणीच दिले नाही तर सारी वस्ती गुनाहगार ठरते. हे ठाऊक असूनही लोक मागे का सरले? स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका सफेत नमाज पढल्याने हा विषाणू लागत नाही.

इद्दत संपल्यावर त्याची बेवा शाळेत आली. तिला लागण झाली होती, मुलगी सुखरूप होती. दाराशीच उभी राहून तिने विचारले, "सर, बच्ची का नाम तो नहीं काटेंगे ना?"

आम्ही तिला सांगितले, नाव कोणी कापू शकत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा शिक्षण, नोकरी आणि उपचारांत भेदभावाला मनाई करतो.

उपचारांचे काय? सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू केली. तेव्हा सीडी-४ पेशी २०० च्या खाली घसरल्यावर गोळ्या मिळत. २०१७ पासून निदान होताच मिळतात. रोज नेमाने घेतल्या आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. आईकडून बाळाला लागण होण्याचा १५ ते ४५ टक्क्यांचा धोका वेळेवर उपचार घेतल्यास ५ टक्क्यांच्या खाली येतो. तरीही ती बाई गोळ्या मसाल्याच्या डब्यात लपवते आणि 'शुगरची दवा' सांगते. लपवालपवीत एखाद्या दिवशी गोळी चुकते, तिथेच धोका असतो.

याच जिल्ह्यात १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतले, स्वतः त्यांची सेवा केली. तेव्हा कुष्ठरोगावर आजच्यासारखी खात्रीची दवाही नव्हती. आज एचआयव्हीवर दवा आहे, शेजारी मात्र दूर सरतात.

आमची जमातीला एवढीच विनंती आहे. प्रत्येक मस्जिदीत अशी गुसल द्यायला तयार असणाऱ्या दोन पुरुषांची आणि दोन स्त्रियांची नावे आधीच ठरलेली असावीत. आमची दोन नावे लिहून घ्या.