सायीचा आणि राखेचा

शेडकार्डावर दोन्ही पांढरेच. एकात पिवळसर झाक, दुसऱ्यात राखाडी. छापील नावं कवितेतल्यासारखी. रंगारी मात्र नंबरानेच बोलतो. घरात आम्ही एकाला सायीचा म्हणतो, दुसऱ्याला राखेचा.

*

कार्डावरचा चौकोन काड्यापेटीएवढा, आईची खोली दहा बाय बारा. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि दर फेरीला झाक वाढते. म्हणून दुकानदार म्हणाला, “आवडलाय त्याहून एक घर फिका न्या.” धंद्यातला माणूस कमी रंगाचं सुचवतो म्हणजे ऐकावं.

*

रंगाऱ्याने नमुन्याचे फराटे थेट जुन्या पिस्ता रंगावर मारायला घेतले. “दादा, थांबा!” पिस्त्याशेजारी कुठलाही पांढरा गुलाबीच दिसणार. मग दोन मोठे पुठ्ठे, त्यांवर प्रायमर, वर दोन-दोन हात. ओला असताना दोन्ही फिके. वाळल्यावर गडद झाले. आता पुठ्ठे घरभर फिरताहेत.

*

सकाळी नऊ. खिडकी उत्तरेची, त्यामुळे ऊन कमी, आभाळाचा निळसर उजेडच जास्त. राखेचा पार दवाखाना झाला. सायीचा पिवळेपणा मात्र त्या निळ्याने खाल्ला. नुसता शांत पांढरा उरला. खाली लाल कोबा आहे हे विसरलोच होतो. पुठ्ठा जमिनीला टेकवला की खालची वीतभर कड लाजल्यासारखी तांबूस.

*

रात्री 6500 केल्विनच्या ट्यूबखाली आई म्हणाली, “अरे, हे तर एकच आहेत.” 3000चा पिवळा दिवा लावला. सायीचा तुपासारखा, राखेचा मळक्या अभ्र्यासारखा.

*

तरी आईचा कौल राखेलाच. तिच्या माहेरी दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून भिंतींना कुंच्याने मारायचे. ती हाताने करून दाखवते. नीळ चुन्याचा पिवळटपणा मारते. तेव्हा तिच्या डोळ्याला पांढरा म्हणजे निळसरच, आणि पिवळी भिंत म्हणजे धुराने धरलेली.

*

तीन दिवस पुठ्ठे तिच्याच उशाशी ठेवले. आज म्हणाली, “सायीचा लाव. दुसऱ्याकडे बघून गार वाटतं.” छताला कोरा पांढरा नको, शेजारी सायीचा जुनाट दिसेल, तोच वरही चढवायचा. राखेचा पुठ्ठा तिने टाकू दिला नाही. कपाटात, साड्यांच्या खाली घातलाय.